विंटरफेल पडले असते तर : एका रात्रीचा निकाल आणि आठ पर्वांची कथा

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात एक राजा आपल्या मुलीला घराण्याचे गुपित सांगतो. आपल्या मूळपुरुषाने सात राज्ये जिंकली ती केवळ सत्तेच्या हव्यासापोटी नव्हे, त्याला एक स्वप्न पडले होते. दूर उत्तरेकडून एक भयंकर हिवाळा येईल, त्याच्याबरोबर माणसांचा अंत येईल, आणि त्याला तोंड द्यायचे असेल तर त्या वेळी सिंहासनावर आपल्याच रक्ताचे कोणीतरी असले पाहिजे, असे ते गुपित आहे. प्रसंग गंभीर आहे आणि उत्तम वठला आहे. मात्र ज्यांनी आधीची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिली होती, त्यांना तो पाहताना एक विचित्र हुरहुर लागली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या भाकितातील संकट पुढे एका किल्ल्याच्या आवारात एका रात्रीत संपले, हे त्यांना ठाऊक होते. त्या वेळी सिंहासनावर बसलेली राणी त्या घराण्याची नव्हती, ती शेकडो मैल दूर होती, आणि त्या हिवाळ्याची तिला झळसुद्धा लागली नाही.

तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा वर आला आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट फसला तो नेमका कुठे? बहुतेक जण शेवटच्या दोन भागांकडे बोट दाखवतात. माझ्या मते चूक त्याच्या आधी, आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात झाली, आणि तीही एकच होती. त्या रात्री विंटरफेल या उत्तरेतील किल्ल्यावर मृतांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत माणसे जिंकली. ती हरायला हवी होती. हा एक निकाल बदलला, तर पुढच्या बहुतेक घटना आहेत तशाच ठेवूनही कथा पायावर उभी राहते.

## मालिका न पाहिलेल्यांसाठी

ही मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी संपली. आठ पर्वे, एकूण ७३ भाग. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर ती आधारलेली आहे. त्या मालेतील पहिले पुस्तक १९९६ मध्ये आले, पाचवे २०११ मध्ये, आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. त्यामुळे मालिकेच्या शेवटच्या पर्वांना पुस्तकांचा आधार उरला नव्हता.

कथेत दोन धागे आहेत. पहिला राजधानी किंग्ज लँडिंगमधील लोखंडी सिंहासनासाठी चाललेल्या घराण्यांच्या संघर्षाचा. दुसरा उत्तर सीमेवरील प्रचंड बर्फाच्या भिंतीपलीकडचा. तिथे व्हाइट वॉकर नावाचे थंडीचे अमानुष जीव आहेत, मेलेल्या माणसांना उठवून ते आपल्या सैन्यात घेतात, आणि त्यांचा प्रमुख आहे नाइट किंग. मालिकेचे अगदी पहिले दृश्य राजवाड्यातले नाही, ते या भिंतीपलीकडचे आहे. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटापासून एक गोष्ट माहीत असते, जी सिंहासनासाठी भांडणाऱ्यांना माहीत नसते. पुढची कित्येक वर्षे दरबारातील प्रत्येक कारस्थान आपण ‘अरे, उत्तरेकडे बघा’ असे मनात म्हणत पाहिले, आणि मालिकेची खरी ओढ त्यातच होती.

## कळीचा निकाल म्हणजे काय?

प्रत्येक कथेत लढाया, खटले, विवाह, मृत्यू असे अनेक निकाल लागतात. त्यांतले बहुतेक बदलले तरी कथा थोडी वळसा घेऊन त्याच गावाला पोहोचते. काही निकाल मात्र असे असतात की पुढचे प्रत्येक पात्र कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या मनःस्थितीत निर्णय घेणार, हे त्यांच्यावर ठरते. अशा निकालाला या लेखापुरते आपण ‘कळीचा निकाल’ म्हणू.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण महाभारताचे. युद्धाच्या तेराव्या दिवशी चक्रव्यूहात अभिमन्यू पडला. केवळ सैन्यबळाचा हिशेब केला तर तो एका तरुण योद्ध्याचा मृत्यू होता. परंतु त्याने अर्जुनाकडून जयद्रथवधाची प्रतिज्ञा करवली, त्या प्रतिज्ञेने चौदाव्या दिवसाची लढाई सूर्यास्तानंतर रात्रीतही खेचली, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचा संयम सुटत गेला. त्यापूर्वीही नियम वाकवले गेले होते, पण द्रोणांपुढचे ते अर्धसत्य, रथाचे चाक रुतलेला कर्ण आणि दुर्योधनाची मांडी हे सारे त्या मुलाच्या मृत्यूनंतरचे आहे. अभिमन्यू व्यूहातून सुखरूप बाहेर आला असता, तर पुढे पांडवांनी जे केले ते आपल्याला पटले असते का? घटना त्याच राहिल्या असत्या, पण त्यांच्यामागचे दुःख नाहीसे झाले असते. पांडव मग फक्त कपटी दिसले असते.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ने हे तंत्र सुरुवातीला फार समर्थपणे वापरले. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्क या नायकाचा शिरच्छेद होतो. त्यानंतर त्याचा मुलगा स्वतःला उत्तरेचा राजा म्हणवतो, एक मुलगी राजधानीत ओलीस राहते, दुसरी मुलाचे सोंग घेऊन पळते. तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागातील लग्नमंडपातल्या कत्तलीने तो मुलगा आणि त्याची आईही गेली. मालिकेचे हे दोन सर्वांत गाजलेले कळीचे निकाल, आणि दोन्ही पराभवाचे होते.

## त्या रात्री काय झाले?

‘द लाँग नाइट’ हा भाग अमेरिकेत २८ एप्रिल २०१९ च्या रात्री दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती, आणि मुंबई-ठाण्यात त्याच दिवशी लोकसभेचे मतदान होते. ८२ मिनिटांचा तो भाग चित्रित करायला ५५ रात्री लागल्या. पडद्यावर काहीच दिसत नाही, इतका अंधार आहे, ही तक्रार तेव्हा सर्वत्र झाली. पण माझा मुद्दा प्रकाशाचा नाही.

भिंत ओलांडून मृतांचे सैन्य विंटरफेलवर येते. माणसांच्या बाजूचे डोथ्राकी टोळ्यांचे घोडदळ पेटत्या तलवारी घेऊन अंधारात घुसते आणि एकेक ज्योत विझत जाते. आठ वर्षांत मी पाहिलेल्या लढाईच्या दृश्यांपैकी ते सर्वांत भेदक आहे. तटबंदी फुटते. सुरक्षित म्हणून ज्या तळघरात बायकामुलांना ठेवले, तिथलेच पूर्वज थडग्यांतून उठतात. सिंहासनावर हक्क सांगणारी, त्या भाकिताच्याच घराण्यातील डेनेरिस माणसांच्या बाजूने लढते आहे; तिच्या ड्रॅगनची आग नाइट किंगवर पडते आणि तो त्या ज्वाळांतून तसाच बाहेर येतो. तो हात उचलतो, आणि त्या रात्री पडलेले सगळे पुन्हा उभे राहतात. इथपर्यंत कथा अत्यंत प्रामाणिक आहे. ती स्वतःच सांगते आहे की ही लढाई हरलेली आहे. मग मुलाचे सोंग घेऊन पळालेली नेडची ती मुलगी, आर्या स्टार्क, अंधारातून झेप घेते, वॉकरांना मारू शकणाऱ्या व्हॅलिरियन पोलादाचा खंजीर नाइट किंगच्या छातीखाली जातो, आणि क्षणात तो, त्याचे सर्व वॉकर आणि त्यांनी उठवलेले प्रत्येक प्रेत कोसळते.

पुढच्या भागात मेलेल्यांच्या चिता पेटतात, मेजवानी होते, आणि पटावर सोंगट्या मांडून राजधानीत सिंहासनावर बसलेल्या सर्सी राणीवरच्या स्वारीचा विचार सुरू होतो. पहिल्या दृश्यापासून जे संकट डोक्यावर होते, त्याचा मागमूसही पुढच्या तीन भागांत उरत नाही.

## साखळीचा खेळ

हा विजय का पटत नाही, हे समजायला लहानपणीचा साखळीचा खेळ आठवावा. त्यात ज्याच्यावर राज्य असते तो एकाला पकडतो, आणि पकडलेला त्याचा हात धरून त्याच्याच बाजूने धावू लागतो. दोघांचे तीन होतात, तिघांचे चार. कबड्डीत बाद झालेला गडी बाजूला जाऊन बसतो. इथे तो उलटून आपल्याच अंगावर येतो. म्हणून या खेळात एक गडी गेला की फरक एकाचा पडत नाही, दोघांचा पडतो.

मृतांचे सैन्य नेमके या नियमाने वाढते. सातव्या पर्वाच्या शेवटी सर्सीसमोर ते किमान एक लाख असल्याचे सांगितले जाते, आणि उत्तरेचा नेता जॉन स्नो म्हणतो की राजधानीत राहणारी दहा लाख माणसे उद्या त्याच सैन्यात भरती होतील. हे वाक्य संपूर्ण कथेतील सर्वांत महत्त्वाचा इशारा होता. अशा शत्रूपुढे प्रत्येक छोटा पराभव पुढच्या मोठ्या पराभवाचे भांडवल असतो. म्हणूनच आपसांतले वैर विसरून एकत्र या, असे जॉन सांगत होता. सर्सी मदतीचे वचन देते आणि मोडते. ती वीस हजारांची भाडोत्री फौज मागवते आणि दक्षिणेतच बसून राहते.

आता निकालाकडे पाहा. जॉनचा इशारा चुकीचा ठरला. सगळ्यांनी एकत्र येण्याची गरज नव्हती. निम्म्यांनी येऊन भागले. सर्सीचा अंदाज मात्र बरोबर ठरला, कारण तिच्या शत्रूंची शक्ती फुकटात निम्मी झाली. सात पर्वे जी मालिका म्हणत होती की हिवाळा आला की सिंहासनाची भांडणे क्षुद्र ठरतील, तिने आठव्या पर्वात नकळत उलटा निर्णय दिला. लेखकांना तसे म्हणायचे होते असे मला वाटत नाही. पण कथेत पात्रे काय बोलतात यापेक्षा निकाल काय लागतो, तेच अधिक मोठ्याने ऐकू येते.

## निकाल बदलला तर?

मी सुचवतो तो बदल एवढाच : आर्याची झेप त्या रात्री लागू पडत नाही, आणि विंटरफेल पडते.

भागाची पहिली सत्तर मिनिटे आहेत तशीच राहतात. शेवटची काही मिनिटे माघारीची होतात. ब्रॅनला, म्हणजे ज्याच्या मनात साऱ्या जगाची आठवण साठली आहे आणि ज्याच्यासाठी नाइट किंग आला आहे त्या मुलाला, कसेबसे बाहेर काढले जाते. थिऑन आणि जोरा हे लढवय्ये पडद्यावर जसे पडतात तसेच पडतात, फक्त आता त्यांच्या मरणाने एक रात्र विकत घेतलेली असते. आणि मागे वळून पाहणाऱ्यांना, ज्या किल्ल्यात ही कथा सुरू झाली, त्याच्या तटावर निळे डोळे दिसतात.

पुढचा चौथा भाग पलायनाचा. काही लोक व्हाइट हार्बरच्या बंदरातून जहाजांनी जातील, बाकीचे राजमार्गाने दक्षिणेकडे चालतील. इथे त्या जगाचा भूगोलच कथा लिहू लागतो. उत्तर आणि दक्षिण जोडणाऱ्या दलदलीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर मोट केलिन नावाचा पडका किल्ला आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या सैन्यासाठी तो जवळजवळ अभेद्य म्हणून प्रसिद्ध, पण उत्तरेकडून येणाऱ्याला त्याचा अडसर नाही. शतकानुशतके उत्तरेच्या लोकांना तारणारी जागा नेमकी या वेळी निरुपयोगी ठरते. मग नद्या. पाचव्या पर्वात भिंतीपलीकडील हार्डहोमच्या किनाऱ्यावर मृत पाण्याच्या काठाशी थांबले होते, आणि सातव्या पर्वात गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटताच तेही थबकले होते. पाणी पुन्हा गोठले तेव्हाच ते पुढे सरकले. म्हणजे नदी हा आडोसा आहे, पण थंडी वाढेपर्यंतच. पळणाऱ्या माणसांची शर्यत आता मृतांशी नाही, हिवाळ्याशी लागते. ‘हिवाळा येत आहे’ हे स्टार्क घराण्याचे बोधवाक्य आपण आठ वर्षे ऐकले; तो हिवाळा सामान्य शेतकऱ्याच्या दारात आलेला आपण एकदाही पाहिला नाही. तो इथे दिसला असता.

आठव्या पर्वाच्या पहिल्याच भागात याची तयारीही करून ठेवलेली आहे. थिऑनची बहीण यारा त्याला सांगते की ती आपल्या घराण्याची लोहद्वीपे परत जिंकायला जाते आहे, कारण उत्तर टिकली नाही तर मृतांना पोहोचता येणार नाही अशी एखादी जागा डेनेरिसला लागेल. हे बी पेरले गेले, आणि उगवलेच नाही, कारण उत्तर टिकली.

## राजधानीतील आग

या बदलाचा खरा लाभ पाचव्या भागात होतो, आणि माझे सारे म्हणणे या भागावर उभे आहे.

पडद्यावर घडते ते असे. राजधानी शरण येते, घंटा वाजतात, आणि तरीही डेनेरिस ड्रॅगनवरून शहर जाळत सुटते. अनेक प्रेक्षकांना हे अचानक वाटले. तिच्या क्रौर्याच्या खुणा आधी होत्या, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. तिने गुलामांच्या मालकांना खांबांवर ठोकले होते, शरण न येणाऱ्या सरदारांना जाळले होते. परंतु त्या प्रत्येक वेळी तिच्यापुढे काहीतरी कारण होते. इथे लढाई जिंकून झाली होती. कारणच नव्हते.

आता विंटरफेल पडलेले आहे असे धरून तोच भाग पाहू. सर्सीने आसपासच्या लोकांना ढाल म्हणून तटाच्या आत भरले आहे. ती हे पडद्यावरही करते. उत्तरेतून आलेले निर्वासित वेशीबाहेर आहेत. त्यांच्यामागे मृत आहेत. आणि शहराच्या पोटात वाइल्डफायर नावाचे ज्वालाग्राही हिरवे द्रव आहे, जे डेनेरिसच्या वेड्या बापाने अख्खे शहर उडवण्यासाठी पुरून ठेवले होते. ते पेटवण्याचा हुकूम झाला तेव्हाच सर्सीचा भाऊ जेमी लॅनिस्टर याने त्या राजाला ठार केले, आणि त्यासाठी आयुष्यभर ‘राजहंता’ हे दूषण सोसले. तिसऱ्या पर्वात तो हे ब्रिएन या स्त्रीयोद्ध्याला सांगतो, तो प्रसंग मालिकेतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी आहे.

मृत शहरात शिरतात. घंटा वाजतात, पण त्या शरणागतीच्या नव्हेत, तट फुटल्याच्या आहेत. दहा लाखांपैकी काही बंदराकडून निघाले, बरेच आत अडकले. साखळीचा नियम सर्वांना माहीत आहे : आत राहिलेला प्रत्येक जण तासाभरात शत्रूचा सैनिक होणार. डेनेरिस आकाशात आहे. तिने आता आग लावली तर त्या साऱ्या प्रेतांसह वाइल्डफायर पेटेल आणि उरलेले राज्य वाचेल. पण अजून जिवंत असलेले लाखो लोक तिच्या हाताने मरतील. ती थांबली तर काही हजार अधिक सुटतील, आणि कदाचित काहीच वाचणार नाही.

ती आग लावते.

आता हे कृत्य वेडाचे आहे की कर्तव्याचे? मला खरोखर ठरवता येत नाही, आणि प्रेक्षकालाही ठरवता येऊ नये. बापाने सूडापायी दिलेला हुकूम मुलगी जगाच्या रक्षणासाठी पुरा करते. ते शहर वाचवण्यासाठी एकेकाळी राजाला मारणारा जेमी त्या रस्त्यांवर उभा असेल, तर त्याने काय करावे? पडद्यावर तो बहिणीच्या मिठीत विटांखाली दबून मरतो. त्याच्या साऱ्या प्रवासाला तो न्याय नव्हता. आणि शेवटच्या भागात जॉन डेनेरिसला मारतो; त्याने तिला मारावे की नाही, हा प्रश्नही तेव्हाच खऱ्या अर्थाने अवघड होतो. पडद्यावर उत्तर सोपे आहे, कारण निरपराध शहर जाळणाऱ्या राणीची बाजू कोण घेणार? इथे तिची बाजू घेणारे अर्धे राज्य असेल, आणि तेही चूक नसतील.

## आर्याचे यश हिरावून घ्यायचे का?

नाही. आगीने प्रेते जळतात, पण नाइट किंग जळत नाही, हे विंटरफेलच्या रात्रीच दिसले आहे. त्यामुळे राजधानी जळाल्यानंतरही तो उरतो, आणि त्या खंजिराची गरजही उरते. आर्याने तो घाव राखेने भरलेल्या सिंहासनकक्षात घातला, तर मला तिच्या यशात उणे काही दिसत नाही. उलट एकदा फसलेली, त्या फसण्याची किंमत डोळ्यांनी पाहिलेली मुलगी दुसऱ्यांदा पुढे होते, हे अधिक मोठे आहे.

## ही मालिका तर माणसांच्या राजकारणाची होती

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो घेणारे मालिकेचे नीट वाचक आहेत. त्यांचे म्हणणे असे की राक्षस मारणे सोपे असते, राज्य करणे अवघड, म्हणून खरा शेवट सिंहासनाचाच असायला हवा. या मताला थोर आधारही आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी नष्ट झाल्यानंतर नायक घरी परततात आणि आपला छोटासा प्रदेशच गुंडांच्या हाती गेलेला पाहतात. मोठ्या युद्धानंतर छोटी लढाई येते.

पण दोहोंत एक भेद आहे. तिथे ती छोटी लढाई हा उपसंहार आहे. अंगठीच्या प्रवासाने सगळ्यांना आधीच बदलून टाकले आहे, आणि ते किती बदलले हे त्या लढाईत दिसते. इथे मृतांशी झालेल्या युद्धाने कोणालाच बदलले नाही. सर्सी होती तशीच, दरबार तसाच, पटावरच्या सोंगट्या थोड्या कमी. माणसांचे राजकारण हाच विषय असेल, तर त्या राजकारणाला मृतांच्या कसोटीवर घासायला हवे होते. सर्सीने वचन मोडले, त्याचा परिणाम सर्सीच्या दारात यायला हवा होता. मार्टिन यांनी १९९३ मध्ये आपल्या मध्यस्थाला पाठवलेल्या आराखड्यातही तीन संकटे आहेत : घराण्यांचे वैर, डेनेरिसची स्वारी आणि उत्तरेचे मृत. त्यांतले तिसरे सर्वांत मोठे असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. पुढे त्यांच्या कथेत पुष्कळ काही बदलले. तो क्रम मात्र कथेच्या रचनेत शिल्लक होता.

## इतकी निराशा प्रेक्षकांना पेलली असती का?

नेड गेला तेव्हा पेलली, लग्नमंडपात पेलली. पराभवाने हे प्रेक्षक दूर गेले नव्हते, पराभवानेच ते बांधले गेले होते. वेळ अपुरा पडला असता, ही शंका मला अधिक रास्त वाटते. सहा भागांचे ते पर्व होते आणि विंटरफेलनंतर तीनच उरत होते. परंतु माघार, राजधानी आणि नंतरचे जग एवढी मांडणी तीन भागांत बसते, कारण एकच युद्ध पुढे सरकत राहते. मूळ मांडणीत एक युद्ध संपवून दुसरे पहिल्यापासून उभारावे लागले, आणि घाई झाली ती तिथे.

## दुसऱ्याची कथा बदलण्याचा अधिकार कोणी दिला?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. या पर्वाला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक मिळाले, हे मी विसरलेलो नाही. त्यातील कलावंतांचे श्रम अपार आहेत. परंतु निकाल बदलून पाहणे म्हणजे अनादर, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही. भासाच्या ‘पञ्चरात्र’ या नाटकात द्रोण गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात, पाच रात्रींत पांडव सापडले तर देईन अशी अट पडते, ते सापडतात, आणि दुर्योधन शब्द पाळतो. युद्धाचे कारणच उरत नाही. भासाने महाभारत खोडले नाही. एक निकाल फिरवून त्याने दुर्योधनातला दिलेला शब्द पाळणारा माणूस आपल्याला दाखवला, जो मूळ कथेत सहज नजरेआड होतो.

## मग सिंहासनावर कोण?

मूळ मालिकेप्रमाणे ब्रॅनच. शेवटच्या भागात सर्सीचा धाकटा भाऊ टिरियन म्हणतो की लोकांना एकत्र बांधते ती कथा, आणि ब्रॅनइतकी चांगली कथा कोणाची आहे? हा युक्तिवाद तेव्हा अनेकांना पोकळ वाटला, कारण राजधानी जळाली असली तरी बाकीचे राज्य, त्याचे किल्ले, ग्रंथालये, वंशावळी जागच्या जागी होत्या. आठवणीची गरज कोणाला होती? विंटरफेल पडले असते, उत्तरेतील गावे ओस झाली असती, थडग्यांतील पूर्वजसुद्धा उठून जळून गेले असते, तर कोण कुठला, कोणते शेत कोणाचे, कोणत्या घरात कोण राहत होते, हे सांगू शकणारा एकच जण उरला असता. त्याला राजा करणे मग सरदारांचा लहरी निर्णय ठरला नसता. ब्रॅनची बहीण सान्सा हिने उत्तरेचे स्वातंत्र्य मागणेही वेगळे दिसले असते. ती रिकाम्या प्रदेशात परत जायला तयार असलेल्या मूठभर लोकांची राणी झाली असती.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, २०१२ मध्ये, डेनेरिसला एक दर्शन होते. ती छप्पर उडालेल्या सिंहासनकक्षात उभी आहे, वरून पांढरे काहीतरी पडते आहे, ती सिंहासनाकडे हात नेते आणि स्पर्श न करताच मागे फिरते. दालनाबाहेर पाऊल टाकते तर ती भिंतीपलीकडच्या बर्फात असते. सात वर्षे प्रेक्षकांनी तो बर्फ आहे असे मानले. शेवटी ती राख निघाली. निकाल वेगळा लागला असता, तर त्या कक्षात दोन्ही एकत्र पडत राहिले असते, आणि खाली उभ्या असलेल्या कोणालाही राख कुठली आणि बर्फ कुठला, हे हात पुढे करून पाहावे लागले असते.